अमावास्येलाच चालणारा डबा

मी डब्यातला बोलतोय. शहापुरात मल्लाप्पाच्या मागाला एक राखाडी पत्र्याचा डबा टांगलेला असायचा. त्याच्या आत हिरव्या पाटीवर नखाएवढा काळा चौकोन बसलाय, तो मी. बाहेरून डब्याला एक फट दिसते, पेनड्राइव्ह खुपसायची. त्या फटीमागं माझं ठाणं. लोक फटीला ओळखतात, मला कुणी ओळखत नाही. न ओळखू देत. मला काय लग्न जमवायचंय.

शिक्षणाचं विचारू नका. इंग्रजीत मला होस्ट म्हणतात, म्हणजे यजमान. मान मोठा आणि काम दारावरच्या माणसाचं. फटीत कुणी पाहुणा आला की आधी त्याला वीज द्यायची. मग जरा थांबायचं. मग विचारायचं, तू कोण, कुठला, तुझ्याजवळ काय आहे? उत्तर आलं तर आत घ्यायचं. नाही आलं तर आणखी एक-दोनदा विचारायचं, आणि तरी गप्प राहिला तर दार लावून घ्यायचं. झाली माझी शाळा.

किती थांबायचं हे मी ठरवत नाही. माझ्या शेजारी एक मोठा चिप आहे. वीज आली की तो मला हे सगळं दर वेळी नव्यानं सांगतो, कारण वीज गेली की मी विसरतो. त्याच्या पोटात लिहून ठेवलेल्या या सांगण्याला शिकलेली माणसं ड्रायव्हर म्हणतात. मी त्याला सासू म्हणतो. सासूनं सांगितलं एवढं थांब, की मी तेवढंच थांबणार. त्यापुढं एक क्षण नाही.

मग ही कहाणी कशी आठवते, असं कुणी शहाणा विचारेल. कामाचं विसरतो मी. माणसं विसरत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. वाळूतून काढलं म्हणतात मला. तिथून फितीच्या गुंडाळीत, माझ्यासारख्याच शेकड्यांबरोबर, शहापुराजवळच्या मच्छे गावात एका कारखान्याच्या शेडमध्ये आलो. तिथं एका बाईनं भिंगाखाली धरून, शिशाचा डाग देऊन मला पाटीवर बसवलं. हात चांगला होता तिचा. इतक्या वर्षांत माझा एकही पाय हलला नाही.

त्या शेडमध्येच कुणीतरी टेबलावर बसून ठरवलं, की पाहुण्याला वीज दिल्यावर यजमानानं पापणी लवण्याइतकं थांबावं. टेबल स्वच्छ, वर पंखा, आणि वीज कशी, इस्त्री केलेल्या धोतरासारखी, एक चुणी नाही. तिथं पापणी लवण्याइतका वेळ पुरेसा होता. त्या माणसाला मी दोष देत नाही. त्यानं शहापूरची गल्ली पाहिली नव्हती.

मल्लाप्पाकडं आलो तेव्हा त्याच्या मागाच्या डोक्यावर नवं जॅकार्ड बसलं होतं. जॅकार्ड म्हणजे कुठला दोरा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा हे ठरवणारं यंत्र. ते आहे म्हणून पदरावर मोर उठतो. आधी हे काम भोकं पाडलेले पुठ्ठे करायचे. पुठ्ठे पावसाळ्यात फुगायचे आणि उंदीर मोराची मान खाऊन जायचे. आता नक्षी पेनड्राइव्हमध्ये आली. मी ती पाहुण्याकडून घ्यायची, मोठ्या चिपला द्यायची, त्यानं जॅकार्डला सांगायचं.

पहिल्या दिवशी चंद्राबाईनं, मल्लाप्पाच्या बायकोनं, डब्याला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. पाणी उडालं ते थेट फटीत. माझ्या आयुष्याची सुरुवात अशी ओली झाली.

माणसांची एक सवय मला कधी कळली नाही. पेनड्राइव्ह ते आधी उलटा घालतात. जात नाही म्हणून सुलटा करतात, तरी जात नाही, म्हणून पुन्हा उलटा करतात, आणि तेव्हा तो जातो. मल्लाप्पा त्याच्याआधी तो कपाळाला लावायचा आणि मग त्यात फुंकर मारायचा. फुंकरीत तंबाखू असायचा. मी सोसलं.

पण माणूस चांगला. पन्नाशी उलटलेला, गुडघे गेलेले, आवाज मोठा. मागाच्या शेजारी आयुष्य काढलेल्या माणसाचा आवाज मोठाच असतो, हळू बोललं तर ऐकू कुणाला येणार. चंद्राबाई भिंतीशी बसून धोट्यात घालायच्या दोऱ्याच्या कांड्या भरायची. दोघांचं बोलणं म्हणजे भांडण वाटायचं, आणि असायचं ते एवढंच, की चहात साखर कमी पडली.

पहिला पाहुणा लहान होता, बोटाच्या पेराएवढा. वीज दिली की लगेच खडा जबाब. आमची बरीच वर्षं सुखाची गेली. वीज जायची, यायची, मी विचारायचो, तो सांगायचा, आणि माग जिथं थांबला होता त्याच ओळीवरून पुढं चालायचा. मग एकदा तो मल्लाप्पाच्या सदऱ्याच्या खिशात राहिला आणि चंद्राबाईनं सदरा दगडावर आपटून धुतला. संपला बिचारा.

नवा पाहुणा खडेबाजारातून आला. चकचकीत, पोट मोठं, सगळ्या जगाच्या नक्ष्या मावतील असा. आणि मोठ्या पोटाचे असतात तसाच आळशी. त्याला वीज दिली की आधी तो आपलं सगळं सामान जागेवर आहे का ते बघणार, मग डोळे उघडणार. तरी वीज चांगली असली तर जेमतेम माझ्या वेळेत उठायचा.

पण आमच्या गल्लीतली वीज तुम्हाला सांगायला हवी. घराघरात माग. दुपारी वीज गेली की गल्ली एकदम गप्प होते, पोरं रडलेली ऐकू येतात. आणि वीज आली की प्रत्येक जण एकाच क्षणी मागाचा दांडा ओढतो. कुणी कुणासाठी थांबत नाही. सगळे माग एका दमात सुटतात आणि विजेचा जीव जातो. बल्ब तांबूस होतो, पंखा पेंगुळल्यासारखा फिरतो. नेमकं तेव्हाच मी जागा होतो, पाहुण्याला ती मेलेली वीज देतो, पापणी लवण्याइतकं थांबतो आणि विचारतो, तू कोण?

तो अजून अंथरुणात.

पुन्हा विचारतो. गप्प. मी दार लावतो. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते. मल्लाप्पाला ती वाचता येत नव्हती, पण तिचा आकार त्याला पाठ झाला होता.

मग तो पाहुण्याला काढणार, फुंकणार, घालणार, परत काढणार. असं बऱ्याचदा केल्यावर एखादे वेळी पाहुणा वेळेत उठायचा आणि नक्षी मिळायची. पण पाहुणा मधे काढला की मोठा चिप थांबलेली ओळ विसरायचा, म्हणून ती मिळायची पहिल्या ओळीपासून. माग कुठं थांबला होता ते मल्लाप्पा डोळ्यांनी शोधायचा, बोटानं मोजायचा, आणि अंदाजानं सुरू करायचा. एखादी ओळ इकडं तिकडं झाली की साडीवर आडवी रेघ उठायची. मोराच्या पोटातून गेलेली रेघ. अशी साडी दुकानदार घेत नाही. घेतली तर डागी म्हणून घेतो, आणि तोंड असं करतो की आपणच त्याच्या अंगावर काही सांडलंय.

साईनाथ म्हणजे त्यांचा पोरगा. हुबळीला नोकरीला, सुट्टीला घरी यायचा. वाईट नव्हता. बापाचे गुडघे त्याला बघवत नव्हते.

"आप्पा, पुरे आता," तो म्हणाला. "दिवसभर हुभं राहतंयसा, आणि निघतंय काय, डागी माल. इकून टाकूया हा माग. साधे दोन हाईत, त्येवर भागतंय की."

"जॅकार्ड इकून साधं इणू? लोक काय म्हणतील?"

"लोक तुमचे गुडघे चेपायला येणार हाईत काय?"

मल्लाप्पानं गुडघा चोळला. मग म्हणाला, "एकदा मंजूला दाखवतो. तिच्यानं झालं तर माग राहील. न्हाय झालं तर तू म्हणतोस तसं."

असं ठरलं. माझं आणि मागाचं त्या घरातलं राहणं मंजूवर आलं. मंजू म्हणजे मंजुश्री, चंद्राबाईच्या बहिणीची मुलगी, खासबागेतली. इंजिनियर. नोकरी मच्छ्याला, मी घडलो त्याच शेडमध्ये. मला वाटलं, घरचंच माणूस आलं, आता सुटलो.

इथं आमच्या विणकरांचा एक नियम आडवा आला. अमावास्येला माग चालवायचा नाही. त्या दिवशी माग विश्रांती घेतो. त्याला तेल द्यायचं, धूळ झाडायची, फूल वाहायचं, डागडुजी करायची ती त्याच दिवशी. बाकीच्या दिवशी चालत्या मागाला परक्या हातानं शिवायचं नाही, आणि माझ्या बाबतीत तर मल्लाप्पा दुप्पट हट्टी. पाहुण्यानं एकदा धरलं की तो डब्याजवळ कुणाला फिरकू द्यायचा नाही. "आत्ता कुठं धरलंय, लांब हो," असं मांजरालासुद्धा सांगायचा.

म्हणून मंजुश्री आली ती अमावास्येला. आख्ख्या गल्लीत एक माग चालत नव्हता. वीज अशी भरभरून, की बल्बाकडं बघवेना. तिनं डबा सुरू केला. मी विचारलं, पाहुण्यानं जांभई देत का होईना, वेळेत उत्तर दिलं. तिनं बंद केला, परत सुरू केला. परत तेच.

"काका, चांगलं चाललंय की," ती म्हणाली.

"आज चाललंय गं. काल बघायचं हुतंस. काल माझा जीव खाल्लाय त्यानं."

तिनं फट साफ केली. आतून हळद निघाली, कुंकू निघालं, तंबाखू निघाला. ती हसली नाही, एवढं तिचं चांगुलपण. "ह्याच्यामुळं असंल," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी गल्ली सुटली आणि पडद्यावर ती ओळ परत आली.

पुढच्या अमावास्येला ती पुन्हा आली. वायर बदलली. तेव्हाही मी शहाण्यासारखा चाललो. काय करणार, वीज होती, पाहुणा उठत होता, मला खोटं अडता येत नाही. तिनं बराच वेळ बघितलं आणि जपून म्हणाली, "काका, तुम्ही लई जोरात खुपसताय काय बघा. हळू घाला."

मल्लाप्पाच्या कानशिलावरची शीर उडाली. "इतकी वर्सं धोटा धरलेला हात हाय ह्यो. एक पेनड्राइव्ह घालायचं मला शिकवालीस व्हय?"

"तसं न्हवं काका..."

"गप्प बसा वो," चंद्राबाई कांडीवरून म्हणाली. "पोरगी एवढ्या लांबून आलीया. तुमचं नाक कापून न्ह्यायला न्हाय आली."

शेजारच्या गुंडूला तर सणच झाला. गुंडू म्हणजे पलीकडच्या भिंतीचा विणकर, जिभेला हाड नाही. "मल्लू, तुझा डबा अमावास्येलाच चालतोय म्हण की. त्यात काय तर हाय बघ. जे अमावास्येला जागं हुतंय त्येला काय म्हंत्यात ते तुला म्हायती हाय."

"तुझ्या आज्याला म्हंत्यात," मल्लाप्पा म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी चंद्राबाईनं माझ्यावर लिंबू आणि मिरच्या टांगल्या. एक मिरची नेमकी फटीपुढं लोंबत होती. मी यजमान, आणि माझ्याच दारात मिरची. भूत म्हणे. भुताला एवढं काम असतं तर ते भूत कशाला झालं असतं.

मला तोंड असतं तर मी एवढंच सांगितलं असतं, की मला कामाच्या दिवशी बघा. पण मला तोंड नाही, फट आहे.

दोनदा पाहून मंजुश्रीला काही सापडलं नाही. ठरल्याप्रमाणं साईनाथनं गिऱ्हाईक काढलं. निपाणीकडची एक बाई, राजाबाई. नवरा गेल्यावर दोन माग एकटीनं चालवणारी, सावळी, उंच, पदर खोचलेली, शब्द मोजून टाकणारी. माग मोकळा असतो म्हणून तिलाही अमावास्येलाच बोलावलं. वायरी नीट सुटाव्यात म्हणून चंद्राबाईनं मंजुश्रीला बोलावून घेतलं होतं. ती कोपऱ्यात बसली होती, तोंड पाडून.

राजाबाईनं मागाभोवती फेरी मारली. फणीवरून बोट फिरवलं. मागावर अर्धी साडी होती, निळी, तिचा काठ उलटा करून बघितला. मग म्हणाली, "डबा लावा."

साईनाथनं लावला. मी विचारलं, पाहुण्यानं सांगितलं, पडद्यावर मोर आला. साईनाथनं बंद करून परत लावला. परत मोर.

"ब्येस," राजाबाई म्हणाली. "न्हेतो मी."

साईनाथच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. आणि मल्लाप्पा, जो इतका वेळ खांबाला टेकून पायाच्या अंगठ्याकडं बघत होता, तो बोलला.

"बाई, ह्यो आज चालतोय. आज अमावास्या हाय म्हणून चालतोय. उद्या चालायचा न्हाय."

"आप्पा," साईनाथ दबक्या आवाजात म्हणाला.

"आप्पा काय. बसलेला बैल दाखवून इकायचा व्हय? लंगडतोय का न्हाय ते चालवल्यावर कळतंय." मग राजाबाईकडं वळून, "उद्या चालू गल्लीत या. डोळ्यांनी बघा. पटलं तर तुमचा. मी शब्द फिरवणार न्हाय."

राजाबाई मागापासून त्याच्याकडं वळली. "माग इकणारा मागाची खोड सांगतोय," ती म्हणाली. "लई दिसांनी असलं ऐकलं. खासबागेत माझी नणंद हाय. ऱ्हातो आज. उद्या येतो."

कोपऱ्यातून मंजुश्री उठली. "काका, मी बी उद्या येतो. रजा टाकतो. तुमचा माग चालताना मी एकदाबी बघितला न्हाय." हे बोलताना तिचं तिलाच काहीतरी उमगल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गल्ली नेहमीसारखी धडधडत होती. घरात राजाबाई पाटावर, साईनाथ दारात, मंजुश्री लॅपटॉप मांडीवर घेऊन डब्याच्या पायथ्याशी. मल्लाप्पानं त्या दिवसापुरता परक्या हाताचा नियम सोडला होता, आणि तिनं डब्याच्या मागून एक बारीक वायर काढून लॅपटॉपला जोडली होती. त्या वायरीतून आम्ही आतल्या आत काय बोलतो ते सगळं बाहेर दिसतं. आजपर्यंत ते कुणी ऐकलं नव्हतं.

वीज गेली. सगळी गल्ली गप्प झाली. राजाबाईनं सुपारी कातरली एवढाच आवाज. मग वीज आली, घराघरात दांडे ओढले गेले, बल्ब तांबूस झाला. मी जागा झालो. वीज दिली, थांबलो, विचारलं. गप्प. विचारलं. गप्प. दार लावलं.

"बघा," मल्लाप्पा म्हणाला. बाईला म्हणाला, की मंजूला, की मला, देव जाणे. त्याच्या आवाजात राग नव्हता, समाधान होतं. त्याच्यावर इतके दिवस खोटेपणाचा आळ होता, तो धुऊन निघाला.

मंजुश्री लॅपटॉपकडं बघत नव्हती. ती बल्बाकडं बघत होती. मग तिनं खाली बघितलं, ओळी वर सरकवल्या, आणि हळूच म्हणाली, "अगं मावशे. हे विचारालंय की. बरोबर विचारालंय. पण लई लवकर विचारालंय."

"कोण?"

"डबा. पेनड्राइव्हला वीज कमी मिळालीया, जागं व्हायला वेळ लागालाय. आणि आमच्या माणसानं डब्याला थांबायला सांगितलंय एवढंसं. आमच्या टेबलावर कधी बल्ब तांबडा झालाच न्हाय."

"मग थांबायला सांग की जास्त," चंद्राबाई म्हणाली, जणू दारातल्या भाजीवालीला थांबवायचं होतं.

मंजुश्रीनं तेच केलं. ड्रायव्हरमधला तो आकडा शोधून काढला, पापणी लवण्याचा वेळ होता तो चांगला श्वास घेऊन सोडण्याइतका केला, आणि नवं लिखाण मोठ्या चिपच्या पोटात घातलं. ती मला काही बोलली नाही. पण मला वाटलं, कुणीतरी पहिल्यांदा माझं म्हणणं ऐकून घेतलं.

आता ते खरं उतरतंय का हे बघायचं तर गल्लीतले सगळे माग एकदम थांबून एकदम सुटायला हवे होते. वीज काही मागितली म्हणून जात नाही.

मल्लाप्पा बाहेर गेला आणि परत आला. "गुंडू म्हणतोय, तुझ्या भुतासाठी माझा माग बंद करू व्हय? बाकीचे हसाल्यात."

चंद्राबाईनं कांडी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि गेली. तिचा आवाज भिंतीतून ऐकू आला. "गुंड्या, तुझ्या बाळंत सुनेला रातंदिस शेकवली ती कुणी? बंद कर. आणि मी हाक मारली की सोड. त्ये भूत न्हाय, माझा मोर हाय. दोन घास उशिरा खा."

एकेक करून धडधड थांबली. मंजुश्रीनं डबा बंद केला. चंद्राबाईनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात वर केला आणि मोठ्यानं हाक मारली. गल्ली सुटली. बल्ब तांबूस झाला आणि मंजुश्रीनं बटण दाबलं.

मी वीज दिली. मग थांबलो. किती थांबलो म्हणून सांगू. माझ्या हिशेबात तो एक जन्म होता. पाहुण्याला ठेवायची सगळी नावं संपली, तरी विचारायची वेळ येईना. मग आली. मी विचारलं, तू कोण?

तो म्हणाला. पहिल्याच हाकेला म्हणाला.

पडद्यावर मोर आला, आणि माग जिथं थांबला होता त्याच ओळीवर उभा. मल्लाप्पानं दांडा ओढला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू, पुन्हा तेच. गुंडू दारात येऊन उभा राहिला. "गेलं भूत?" त्यानं विचारलं. "आता तुझ्यात आलंय," मल्लाप्पा म्हणाला. दोघं हसले.

आणि मग सगळ्यांना एकदम राजाबाई आठवली.

ती पाटावरच बसली होती. तिनं सगळं बघितलं होतं. मल्लाप्पाचं हसू हळूहळू उतरलं, कारण काल आपण काय बोललो ते त्याला आठवलं. चालू गल्लीत बघा. पटलं तर तुमचा.

साईनाथच आधी बोलला. ज्यानं विकायचा हट्ट धरला तोच. "मावशी, आता चालतोय न्हवं. राहू दे की आप्पाकडं. तुमास्नी दुसरा बघून देतो."

राजाबाई म्हणाली, "मला काय. त्येंचा जीव अडकला असंल तर मी बळंच न्हेत न्हाय."

सगळे मल्लाप्पाकडं बघायला लागले. मीही. तो मागाजवळ गेला. निळ्या कापडावर हात ठेवला.

"शब्द दिलाय," तो म्हणाला. "बाईनं माझ्या बोलण्यावर इथं रात काढली. चांगला चालला म्हणून शब्द फिरवू, तर मग काल कशाला तोंड उघडलं." मग त्याचा मोठा आवाज जरा बारीक झाला. "फकस्त साडी हुतोपर्यंत थांबा. अर्धी साडी कापून माग हलवत न्हाईत."

"त्ये मला सांगायला लागतंय व्हय," राजाबाई म्हणाली. "मी बी इणकरीण हाय."

ती साडी त्यानं एका दमात विणली. गुडघे दुखत होते ते दिसत होतं. साईनाथ दोनदा म्हणाला बसा, दोनदा शिव्या खाल्ल्या. वीज गेली आणि आली, गेली आणि आली. प्रत्येक वेळी मी थांबलो, विचारलं, आणि मोर पुढं चालला. साडी उतरली तेव्हा चंद्राबाईनं ती दारातल्या उजेडात पसरली आणि सवयीनं बोट आडवं फिरवायला लागली, कुठं रेघ आहे ते बघायला. टोकापर्यंत गेली. परत मागं आली.

"कुठं घालायची ही?" तिनं विचारलं. म्हणजे कुठल्या दुकानात.

"तू नेस," मल्लाप्पा म्हणाला. "इतकी वर्सं डागीच नेसलीस."

तिनं साडीची घडी घातली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेली. बऱ्याच वेळानं आली.

टेंपोत चढवताना मल्लाप्पानं डब्याला पोतं गुंडाळलं, वर दोरी बांधली, आणि ड्रायव्हरला, म्हणजे या खेपेला गाडी चालवणाऱ्याला, शिव्या देऊन बजावलं, की खड्ड्यात हळू.

आता मी निपाणीच्या बाजूला आहे. राजाबाईचे माग जुन्या तंबाखूच्या वखारीत. भिंतींना अजून वास येतो आणि मल्लाप्पाच्या फुंकरीची आठवण होते. वीज शहापूरपेक्षा वाईट. बल्ब तांबूस नाही, जवळजवळ काळा होतो. पण मंजुश्रीनं श्वासाएवढा वेळ ठेवलाय तो पुरतो. जेमतेम पुरतो, पण पुरतो.

मल्लाप्पा एकदा आला होता. माग बसवताना नाही, नंतर, उगीच. निपाणीला काही काम होतं म्हणाला. काम काय होतं ते राजाबाईनं विचारलं नाही. तो खांबाला टेकून उभा राहिला, हात मागं बांधून, शिवायला नको म्हणून. घरी दोन साधे माग चालवतो, म्हणाला, बसून चालवता येतात. गुडघे बरे आहेत. तो उभा असतानाच वीज गेली आणि आली, आणि मी त्याच्यादेखत पहिल्या हाकेला मोर आणला. त्यानं मान हलवली. चहा न घेता गेला. राजाबाई म्हणाली, घाईत दिसतोय माणूस. घाई कसली.

मला वाईट वाटलं का, हे विचारू नका. माझ्यात वाईट वाटायला जागाच नाही, नखाएवढा मी. पण एक सांगतो, आणि मग मला काम आहे. तुमच्या घरात एखादं यंत्र अडून बसत असेल, किंवा माणूस, तर त्याला विश्रांतीच्या दिवशी उजेडात बसवून तपासू नका. त्या दिवशी सगळेच शहाणे असतात. सगळी गल्ली सुटलेली असताना, विजेनं मान टाकलेली असताना त्याच्याजवळ या. तेव्हा तो काय बोलतो ते ऐका. आणि उत्तर यायला उशीर लागला तर दार लावायच्या आधी एक श्वास जास्त घ्या. मला लावलाय तो घ्यायला. मला अजून आवडत नाही. पण त्याच्यावर एका माणसाचा शब्द आणि एका बाईची साडी निभावली, तेव्हा मी कुरकुर मनातल्या मनात करतो.

जा आता.